फायनलला जाताय? मग परतीची गाडी उशिराची काढा

२० डिसेंबर २०१५. गोव्यात फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेची फायनल होती, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. आम्ही सावंतवाडीहून मामाच्या गाडीने गेलो होतो. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल मारला, गोवा २-१ झालं आणि मामा उठला. "गाडी काडून ठेवतंय रे, मागसून गर्दी होतली." मी काही हललो नाही. तो पार्किंगपर्यंत पोचतोय न पोचतोय तोच ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोली लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि पाठोपाठ मेंडोझाने तिसरा घातला. चेन्नईयिन ३-२. माझा फोन वाजला. "रे, लायट गेली काय?" बाहेर उभ्या मामाला आतला आवाज इतका अचानक बंद झालेला ऐकू आला की त्याला स्टेडियमची वीजच गेल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून कोणी फायनलला निघालं की मी आधी परतीचं विचारतो. २०१४ ते २०२५ या काळात आयएसएलच्या ११ फायनल झाल्या. त्यातल्या ८ फायनलींचा निकाल ९०व्या मिनिटाला किंवा त्यानंतर लागला. २०१४ला मोहम्मद रफीकचा गोल इंज्युरी टाइममधला, म्हणजे ९० मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेतला. २०१५ची गोष्ट वर सांगितलीच. २०१६, २०२२ आणि २०२३च्या फायनल पेनल्टींवर गेल्या. २०१९ला राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला मारला, २०२१ला बिपिन सिंगने बरोबर ९०व्याला, आणि २०२५ला जेमी मॅक्लारनने एक्स्ट्रा टाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा अर्ध्या तासात. त्यामुळे तयारी शेवटाकडून सुरू करायची. सामना कधी सुरू होतो ते तिकिटावर छापलेलं असतं. तो कधी संपेल ते धरून बाकीचं सगळं ठरवायचं.

पायरी १ : फायनल कशाची, हे कळून घ्या

पहिल्यांदा जाणाऱ्याचा इथेच घोळ होतो. २०२४-२५पर्यंत आयएसएलमध्ये मानाच्या गोष्टी दोन होत्या. साखळी सामन्यांच्या गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याला शील्ड मिळायची. २०१९-२०पासून ती सुरू झाली आणि पहिली एफसी गोव्याने घेतली. साखळीनंतर वरच्या संघांचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, व्हायचे आणि त्यातून फायनल जिंकणाऱ्याला चषक. म्हणजे वर्षभर उत्तम खेळलेला संघ एका रात्रीत चषक गमावू शकायचा. २०२४ला मोहन बागानने साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबई सिटीला हरवून शील्ड घेतली, आणि तीनच आठवड्यांनी कोलकात्याच्या त्याच सॉल्ट लेकच्या मैदानावर मुंबईने त्यांना ३-१ हरवून चषक नेला. दोन्ही एकाच हंगामात जमलेले संघ दोनच: २०२०-२१ची मुंबई सिटी आणि २०२४-२५चं मोहन बागान.

काही जणांना हा चषक म्हणजे लॉटरी वाटते. मला नाही वाटत. शील्ड हिशेबाची असते, फायनल छातीची. पण वाद बाजूला. तुमच्या कामाचा मुद्दा हा की प्लेऑफचे नियम बदलत आलेत. आधी चार संघ होते, २०२२-२३पासून सहा झाले. लीगचं स्वरूप कायम असेल असं गृहीत धरू नका. हंगाम सुरू होताना त्या वर्षी प्लेऑफ आहेत का, फायनल आहे का, असली तर मैदान कोण ठरवणार, एवढं वाचून घ्या.

पायरी २ : मैदान ठरेपर्यंत पैसे अडकवू नका

पूर्वी फायनलचं मैदान आधी जाहीर व्हायचं. २०१४ला नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, २०१९ला अंधेरीची मुंबई फुटबॉल अरीना, आणि २०२० ते २०२३ सलग चार वर्षं फातोर्डा. त्यातल्या पहिल्या दोन रिकाम्या स्टेडियममध्ये, कोविडमुळे. २०२४ आणि २०२५ला मात्र अंतिम फेरीतल्या दोघांपैकी गुणतक्त्यात वर असलेल्या संघाच्या घरी फायनल झाली. दोन्ही वेळा कोलकाता.

ही पद्धत असेल तर तुमच्या हातात फार थोडे दिवस राहतात. मुंबई सिटी २९ एप्रिल २०२४च्या रात्री अंतिम फेरीत पोचली आणि फायनल ४ मेला होती. मध्ये चार दिवस, आणि गीतांजली एक्सप्रेसने मुंबईहून हावड्याला जायला तीस तासांच्या आसपास लागतात. अशा वेळी माझी पद्धत सांगतो. सेमीफायनल त्याच दोन संघांत दोन सामन्यांची असेल तर पहिला सामना झाला की दोन शक्यता कागदावर मांडायच्या: हा जिंकला तर कुठे, तो जिंकला तर कुठे. दोन्ही बाजूंची रद्द करता येण्यासारखी तिकिटं शोधून ठेवायची, पण काढायची नाहीत. दुसऱ्या सामन्याची शिट्टी वाजली की त्याच रात्री निर्णय. तत्काळचं दार एसीसाठी सकाळी १०ला आणि स्लीपरसाठी ११ला उघडतं, तेही गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी. हे विसरून दोन दिवस आधी लॉगिन करून बसलेले लोक मी पाहिलेत. नागपूरकरांना इथे फायदा आहे, गीतांजली त्यांच्या दारातूनच जाते. हावड्याला उतरल्यावर टॅक्सीशी हुज्जत घालू नका. ऑगस्ट २०२५पासून ग्रीन लाइन मेट्रो सलग झाली आहे, हावडा स्टेशनवरून थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनला उतरता येतं.

आणि पहिल्या सामन्याच्या निकालावर तर अजिबात जाऊ नका. २०२४च्या सेमीफायनलमध्ये फातोर्ड्याला गोवा ९०व्या मिनिटापर्यंत २-० पुढे होतं. मुंबईने त्यानंतर तीन गोल केले, दोन छांगतेचे, एक विक्रम प्रताप सिंगचा. कितीतरी जण २-०ला मोबाइलवर फायनलच्या गावची हॉटेलं बघत बसले असणार.

पायरी ३ : तिकीट आणि जागा

मोबाइलवरचं तिकीट फाटकावर चालणार की बॉक्स ऑफिसवर बदलून कागदी घ्यायचं, हे तिकीट काढतानाच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मी एकदा ते वाचलं नाही. पहिला हाफ जवळजवळ सगळा खिडकीसमोरच्या रांगेत गेला, आणि आत गेलो तेव्हा १-० झालेलं होतं. कोणी मारला ते शेजारच्याला विचारावं लागलं. याहून लाजिरवाणं काही नाही.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे: महागडी खालची रांग घेऊ नका. मैदानाच्या पातळीवर बसलं की फक्त पाय आणि जाहिरातीचे फलक दिसतात. वरच्या अर्ध्यातली, मध्यरेषेच्या आसपासची जागा घ्या. तिथून दोन्ही संघांची मांडणी नकाशासारखी दिसते. गोलामागची जागा गाणी-ढोलांसाठी उत्तम, पण 'पेनल्टी इथेच मारतील' या आशेने घेऊ नका. शूटआऊट कुठल्या टोकाला व्हायचा ते रेफरी नाणं उडवून ठरवतो.

मग प्रश्न रंगाचा. तुमचा संघ नसेल आणि नुसते प्रेक्षक म्हणून जात असाल तर साध्या शर्टात जा. २०२२ला हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स झाली. दोघांचाही रंग पिवळा. तक्त्यात वर असल्यामुळे पिवळा हैदराबादला मिळाला, केरळचे खेळाडू काळ्या-निळ्यात उतरले, आणि स्टँडमध्ये मात्र केरळवाल्यांचा पिवळा समुद्र. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा पहिली पाच मिनिटं चुकीच्या संघासाठी ओरडत होता.

पायरी ४ : फातोर्ड्याला पोचायचं कसं

फायनल गोव्यात असेल तर महाराष्ट्रातल्या माणसाला हे सगळ्यांत सोयीचं मैदान. साधारण एकोणीस हजारांचं, १९८९मध्ये उभं राहिलेलं, शहराला चिकटून. मडगाव स्टेशनपासून तीन-चार किलोमीटर. मडगावच्या कदंब बसस्टँडवरून तर चालत जाता येतं.

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या घ्या, सकाळी मडगाव. मांडवी घेऊ नका. ती सकाळी सुटून संध्याकाळी पोचते, आणि कोकण रेल्वेवर एखाद्या क्रॉसिंगला तासभर खोळंबा झाला की किकऑफ तुम्ही गाडीतच साजरा करणार. पुणे-मिरजवाल्यांना लोंढ्यामार्गे येणारी गोवा एक्सप्रेस आहे. कोल्हापूरकर आजरा-आंबोलीवरून उतरतात. विमानाने येणाऱ्यांनी एकच बघा, तिकिटावर दाबोळी आहे की मोपा. दाबोळीहून मडगाव तासाभराच्या आत. मोपा पेडण्यात, म्हणजे गोव्याच्या पार उत्तर टोकाला. तिथून अख्खा गोवा ओलांडून यावं लागतं.

दुचाकीने रात्रभर प्रवास करून येण्याचा उत्साह मला समजतो, पण तो आवरा. २०२२च्या फायनलला निघालेले केरळचे दोन तरुण चाहते कासरगोडजवळ अपघातात गेले. त्या संध्याकाळी स्टेडियमभर तीच बातमी फिरत होती.

मडगावात फिरायला 'पायलट' आहेत. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली, मागे बसायचं, भाडं बसण्याआधी ठरवायचं. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्स हे ॲप आहे, ते घरूनच उतरवून ठेवा.

पायरी ५ : घड्याळाचा हिशेब

आयएसएलच्या फायनल बहुधा संध्याकाळी ७:३०ला सुरू झाल्या आहेत. पंचेचाळीस, मध्यंतर पंधरा, पुन्हा पंचेचाळीस, दोन्हीकडचा इंज्युरी टाइम. साधारण ९:२५. बरोबरी असेल तर पाचेक मिनिटं थांबून एक्स्ट्रा टाइमची पंधरा-पंधरा, म्हणजे १० वाजून गेले. त्यानंतर पेनल्टी झाल्या तर सव्वादहा. मग पदकं, फटाके, चषक. फाटकाबाहेर पडायला अकरा धरा.

आता हेच घड्याळ परतीच्या गाड्यांना लावून बघा. कोकणकन्या मुंबईकडे जाताना मडगावहून संध्याकाळीच सुटते, तुम्ही स्टेडियममध्ये असताना. गोव्यातल्या खासगी बसगाड्या रात्री आठ-साडेआठनंतर दिसेनाशा होतात. म्हणून रात्री मडगावात राहायचंच. खोली आधी घ्या, स्टेशन किंवा बसस्टँडच्या आसपास. पणजी किंवा कळंगुटला खोली घेऊन 'येऊ की टॅक्सीने' म्हणणारे मध्यरात्री जे भाडं देतात त्यात खोलीचा दुसरा दिवस निघतो.

पायरी ६ : फाटकावर

फाटकं उघडतात तेव्हाच जा, किकऑफच्या दीड तास आधी. पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेल्मेट, लायटर, झेंड्याची लांब काठी, मोठी बॅग: बहुतेक मैदानांवर हे आत सोडत नाहीत, आणि जमा करायला खोकं मिळेलच असं नाही. पॉवर बँक चालत नसल्याने फोन शंभर टक्के भरून न्या. परतीची खोली, तिकीट, मित्र, सगळं त्यातच आहे. खोलीच्या पत्त्याचा एक कागद खिशात ठेवा. हसू नका. हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ पाठवायला लागले की नेटवर्क जातं.

पोट भरून जा. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत स्टॉलची रांग आणि स्वच्छतागृहाची रांग यांतली एकच जमते. मी चाळिसाव्या मिनिटाला उठून ये-जा करण्याचा विचार बऱ्याचदा केला, प्रत्यक्षात कधी केला नाही. २०२४ला कमिंग्जने मोहन बागानचा गोल ४४व्याला मारला होता.

पायरी ७ : आत बसल्यावर काय बघायचं

इथे थोडा वेळ थांबू. मैदानात बसून चेंडूच बघायचा असेल तर घरचा टीव्ही बरा. रिप्लेही मिळतो. मैदानातला फायदा हा की कॅमेरा न दाखवणारं दिसतं.

वॉर्मअपपासून बघा. गोली कुठल्या उंचीचे चेंडू घेतोय, शेवटी पेनल्टीचा सराव कोण करतोय. २०२३च्या फायनलमध्ये ९० मिनिटांतल्या चार गोलांपैकी तीन पेनल्टीचे होते, दोन मोहन बागानच्या पेत्रातोसचे आणि एक बंगळुरूच्या छेत्रीचा. सामना २-२ सुटला आणि पुन्हा पेनल्टीच. अकरा मीटरवरून शांतपणे मारणारा माणूस फायनलमध्ये सोन्याच्या भावाचा असतो.

पहिली वीस मिनिटं बहुतेक कंटाळवाणी जातात. दोघांनाही चूक करायची नसते. नवखा इथे वैतागतो. त्याऐवजी एक बचावपटू निवडा आणि पाच मिनिटं फक्त त्याच्यावर डोळा ठेवा. चेंडू लांब असताना तो कुणाला हात करून बोलावतोय, किती वेळा मान वळवून मागे बघतोय. थकलेला बचावपटू मागे बघणं सोडतो, आणि तासाभराने गोल तिथूनच येतो.

मग कॉर्नर. खुल्या खेळात कुणी जागा देत नाही तेव्हा फायनल कॉर्नरवर फिरते. २०१८ला बंगळुरूत चेन्नईयिनच्या मैलसन आल्व्हेसने दोन गोल केले, दोन्ही कॉर्नरवर, दोन्ही डोक्याने. २०१९ला अंधेरीत तेच. गोव्याचा जाहू १०५व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला, दहा जण उरले, आणि ११७व्याला डिमास डेल्गाडोच्या कॉर्नरवर भेकेचं हेडर. भेके मूळचा मुंबईचा पोरगा, आणि मुंबईतच बंगळुरूला चषक मिळवून दिला. कॉर्नर घेताना चेंडूकडे बघू नका, गोलासमोरच्या गर्दीत बघा. कोण कोणाच्या वाटेत उभा राहतोय, कोण मागून सुटतोय. दोन-तीन कॉर्नरनंतर तुम्हाला आधीच कळायला लागेल.

बदली खेळाडू पाच, पण त्यासाठी खेळ थांबवायच्या संधी तीनच, मध्यंतर वेगळं. त्यामुळे ६०व्या मिनिटानंतर कडेला पळणाऱ्या खेळाडूंवर नजर ठेवा. प्रशिक्षक एक-दोन बदल राखून ठेवत असेल तर तो एक्स्ट्रा टाइमचा विचार करतोय. सगळे वापरून टाकले असतील तर त्याला आत्ताच संपवायचंय.

आणखी एक: २०२५पर्यंतची एकही फायनल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायच्या पद्धतीने, खेळली गेलेली नाही. रेफरीने शिट्टी मारली की मारली. पडद्यावर रेषा ओढून दाखवणारं कोणी नाही, म्हणून ओरडून उपयोग नाही. सगळे ओरडतातच.

पायरी ८ : पेनल्टी आल्या तर

खुर्चीवर उभे राहू नका, मागच्याला दिसत नाही. आणि मारणाऱ्याकडे न बघता गोलीकडे बघा. चेंडू मारला जाईपर्यंत त्याचा एक पाय रेषेवर असावा लागतो. चांगला गोली शेवटच्या क्षणापर्यंत उभा राहतो, घाबरलेला आधीच झोपतो.

२० मार्च २०२२ला मी हे पहिल्यांदा नीट बघितलं. ८८व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल ताव्होराने हैदराबादला १-१ बरोबरी साधून दिली होती. केरळने घासून खेळलेला सामना पेनल्टींवर आला. हैदराबादच्या गोलात लक्ष्मीकांत कट्टीमणी. तोच, बरोबर सहा वर्षं तीन महिन्यांपूर्वी याच मैदानावर ज्याच्या नावावर तो स्वयंगोल लागला होता. केरळच्या लेस्कोव्हिचची अडवली. निशू कुमारची अडवली. जीकसन सिंगचीही. पिवळ्या समुद्रात आवाज राहिला नाही. हैदराबाद ३-१.

मामा शेजारीच होता. ९०व्या मिनिटापासून त्याने गाडीची किल्ली माझ्या खिशात टाकून ठेवली होती. तिसरी अडवल्यावर म्हणाला, "ह्याची उधारी फिटली मरे."

पायरी ९ : नंतरची रात्र

शिट्टीनंतर अर्धा तास बसून राहा. चषक देताना बघा, गर्दी आपोआप पातळ होते. पोराबाळांना घेऊन गेला असाल तर जिन्यावरून सगळ्यांबरोबर उतरूच नका, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच ठरवा. 'गेटबाहेर' असं सांगू नका, गेट बरीच असतात. अमुक नंबरच्या गेटसमोरचा अमुक दिव्याचा खांब, असं सांगा.

मग चालत मडगावात. रात्री उशिरापर्यंत रस ऑम्लेटचे गाडे उघडे असतात. ताटलीत ऑम्लेट, वरून गरम शाकुतीचा रस, कांदा, लिंबू, सोबत पाव. कामगार, रिक्षावाले, हरलेले-जिंकलेले सगळे तिथेच उभे असतात. दुसरा पाव मागायला लाजू नका, पहिला रस शोषून केव्हाच संपलेला असतो.

आणि आता मांडवी एक्सप्रेस घ्यायची. परतीला ती मडगावहून सकाळी सुटते, रात्री मुंबईला सोडते, पँट्रीही चांगली. खिडकीची जागा मात्र आधीच राखून ठेवा, दोन्ही संघांचे लोक त्याच गाडीत असतात.